विज्ञान, धर्म आणि सोडून जाणारा माणूस : गॉथिक कादंबरीविषयी

गॉथिक कादंबरीची चर्चा सुरू झाली की विज्ञान आणि धर्म यांच्यातील संघर्षाचा उल्लेख इतक्या सहजपणे होतो, की तो संघर्ष नेमका कोणाकोणात आहे आणि कशासाठी आहे, हे विचारण्याची आवश्यकताच कोणाला भासत नाही. विद्यापीठीय टिपणांतून आणि उत्तरपत्रिकांतून त्याचे एक ठरीव सूत्र वर्षानुवर्षे चालत आले आहे. शास्त्रज्ञ ईश्वराच्या अधिकारक्षेत्रात पाऊल टाकतो, सृष्टिनियमांचा भंग करतो आणि त्याचे प्रायश्चित्त त्याला भोगावे लागते, असे ते सूत्र. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) हे त्याचे आद्य उदाहरण मानले जाते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची 'डॉ. जेकिल आणि मि. हाइड' (१८८६) आणि ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही पुढची उदाहरणे. या सूत्राचा प्रभाव साहित्याच्या वर्गापुरता राहिलेला नाही. १९९२ मध्ये जनुकसंस्कारित अन्नाला इंग्रजी वृत्तपत्रातून फ्रँकेन्स्टाइनच्या नावावरून बेतलेले टोपणनाव मिळाले, आणि १९९७ मध्ये डॉली या क्लोन मेंढीची वार्ता प्रसिद्ध झाली तेव्हाही याच नावाचा पुकारा झाला.

या सूत्राचा एक परिणाम मला गंभीर वाटतो. ज्ञानाचा हव्यास हाच अपराध असे एकदा मानले की ज्ञान हाती आल्यानंतर माणसाने काय केले, हा प्रश्न मागे पडतो. शास्त्रज्ञाची निर्भर्त्सना होते, पण त्याला जाब विचारला जात नाही. धर्माच्या वाट्यालाही या मांडणीत न्यायाधीशाची सोयीस्कर भूमिका येते आणि त्याची स्वतःची उलटतपासणी टळते. प्रत्यक्ष संहिता वाचू लागले की चित्र निराळे दिसते. विज्ञान खरे की धर्म खरा, हा प्रश्न या कादंबऱ्या फारशा आग्रहाने विचारीतच नाहीत. पीडिताजवळ कोण थांबले आणि कोण निघून गेले, हे मात्र त्या फार बारकाईने नोंदवतात. माझ्या मते या वाङ्मयप्रकारातील भयाचा उगम त्या निघून जाण्यात आहे.

हॉरेस वॉल्पोल यांच्या 'द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो'पासून (१७६४) गॉथिक कादंबरीचा आरंभ मानतात. तेथपासून ॲन रॅडक्लिफ आणि 'द मंक' (१७९६) लिहिणारे मॅथ्यू लुइस यांच्यापर्यंतच्या पहिल्या टप्प्यात विज्ञान जवळजवळ नाहीच. तेथे मठ आहेत, तळघरे आहेत, पातकी भिक्षू आणि इन्क्विझिशनची न्यायासने आहेत. धर्म आहे, पण तो रोमन कॅथलिक, दक्षिण युरोपातला, प्रॉटेस्टंट इंग्रज वाचकाच्या दृष्टीने परका आणि जुनाट. रॅडक्लिफबाई बहुतेक भुताटकीचा उलगडा अखेरीस नैसर्गिक कारणांनी करून देतात, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांत विवेकाचा जय होतो असे म्हटले जाते. परंतु हा विवेक प्रयोगशाळेतून आलेला नसून प्रॉटेस्टंट घरातून आलेला आहे. पुढील विवेचनासाठी यातील एवढीच गोष्ट ध्यानात ठेवायची, की ज्या विधींना आणि साधनांना इंग्रज वाचकाने अंधश्रद्धा म्हणून दूर सारले होते, त्यांच्याकडेच पुढे गॉथिक कादंबरीतील डॉक्टर अडचणीच्या वेळी वळतात.

'फ्रँकेन्स्टाइन'ची कल्पना १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी सुचली, ही हकीकत सुपरिचित आहे. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये चाललेला वाद मात्र आपल्याकडील अभ्यासकांना तितका परिचित नाही. जॉन ॲबर्नेथी हे ज्येष्ठ शल्यविशारद असे प्रतिपादन करीत होते की जीवन म्हणजे देहाच्या रचनेहून वेगळे, विजेसारखे काही सूक्ष्म तत्त्व असून ते देहात बाहेरून घातलेले असते. यातून आत्म्याच्या कल्पनेलाही आधार मिळतो असे त्यांना वाटे. त्यांचेच शिष्य विल्यम लॉरेन्स यांनी १८१६ पासूनच्या आपल्या व्याख्यानांत या मताची खिल्ली उडवली. जीवन म्हणजे सजीव देहाच्या रचनेचे कार्य, त्याला बाहेरच्या तत्त्वाची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. पर्सी शेली हे लॉरेन्स यांचे रुग्ण होते, म्हणजे हा वाद शेलींच्या घरापर्यंत पोहोचलेला होता. त्यापूर्वी १८०३ मध्ये जोव्हानी आल्दिनी यांनी लंडनमध्ये फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेतावर विद्युत्प्रवाहाचे प्रयोग करून दाखवले होते. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, आणि पाहणाऱ्यांची गाळण उडाली.

१ जानेवारी १८१८ रोजी ही कादंबरी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. प्रती अवघ्या ५००. या पहिल्या आवृत्तीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या प्रयोगाला आत्म्याची अडचण येत नाही. देह जुळवला जातो, त्यात चेतना येते, आणि त्या देहाला यथावकाश भाषा, स्मृती, कृतज्ञता, दुःख हे सारे लाभते. आकाशवाणी होत नाही, वीज कोसळत नाही. प्रयोग यशस्वी होतो. अनर्थ घडतो तो त्यानंतरच्या काही तासांत. डोळा उघडल्याबरोबर व्हिक्टर खोलीतून पळ काढतो, आपल्या शय्यागृहात जाऊन झोपतो, आणि जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा बाजूला सारून, काहीतरी पुटपुटत, हात पुढे करून उभा असतो. व्हिक्टर पुन्हा पळतो आणि उरलेली रात्र अंगणात काढतो. मूल जन्माला येताच दार लावून निघून जाणाऱ्या पित्याचे हे चित्र आहे, आणि स्वतःची आई जन्मानंतर दहा-अकरा दिवसांतच गमावलेल्या व पुढे स्वतःचे पहिले अपत्यही गमावलेल्या लेखिकेने ते रेखाटले आहे, हे चरित्रात्मक समीक्षेच्या आहारी न जातासुद्धा लक्षात घ्यायला हवे.

पुढे आल्प्सच्या हिमनदीवर तो जीव व्हिक्टरला गाठतो, तेव्हा त्याची तक्रार काय असते? मला का घडवलेस, हा प्रश्न त्याच्या मनात आहेच. पण त्याच्या युक्तिवादाचा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. निर्मात्याचे निर्मितीविषयी काही कर्तव्य असते आणि ते तू पाळले नाहीस, असे तो म्हणतो. त्याने मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' वाचले आहे. त्यातील आदमाशी तो स्वतःची तुलना करतो आणि आदमाला त्याच्या निर्मात्याची माया होती, आपल्याला नाही, या निष्कर्षाला येतो. बायबलच्या कथेचा येथे झालेला वापर मोठा मार्मिक आहे. ईश्वराची बरोबरी केली म्हणून येथे मनुष्यावर आरोप होत नाही. ईश्वराची बरोबरी करायला गेलेला मनुष्य ईश्वराइतकी काळजी घेऊ शकला नाही, असा आरोप होतो.

ठरीव सूत्र मानणाऱ्यांनी ज्यूस्टिन मॉरिट्झचे प्रकरण पुन्हा एकदा वाचावे असे मला सुचवावेसे वाटते. व्हिक्टरच्या धाकट्या भावाच्या खुनाचा आळ या मोलकरणीवर येतो. ती निर्दोष आहे. ती कॅथलिक आहे, आणि तिचे पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू धर्मबहिष्काराचा व नरकाग्नीचा धाक घालून तिच्याकडून खोटा कबुलीजबाब वदवून घेतो. त्याच वेळी खरा खुनी कोण हे ओळखणारा एकमेव माणूस, म्हणजे व्हिक्टर, न्यायालयात हजर असून गप्प बसतो. आपले बोलणे वेडगळ ठरेल ही त्याची सबब. धर्माचा प्रतिनिधी खोटे बोलायला लावतो, विज्ञानाचा प्रतिनिधी खरे बोलत नाही, आणि दोघांच्या मध्ये एक गरीब मुलगी फासावर जाते. या प्रकरणात विज्ञान आणि धर्म यांचा संघर्ष कोठे आहे? ते तर एकाच बाजूला उभे आहेत.

मग 'ईश्वराशी स्पर्धा' हे सूत्र आले कोठून? त्याचा एक उगम रंगभूमीवर आहे. १८२३ मध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीक यांचे नाट्यरूपांतर लंडनमध्ये आले. त्याच्या शीर्षकातच फ्रँकेन्स्टाइनच्या आधी 'प्रिझम्प्शन', म्हणजे उद्दाम धाडस, हा शब्द ठळकपणे होता, आणि कादंबरीत इतका वक्तृत्वपूर्ण असलेला तो जीव या नाटकात मुका झाला. ज्याची तक्रार हाच कादंबरीचा गाभा, त्याची वाचाच काढून घेतल्यावर उरते ती केवळ शास्त्रज्ञाच्या गर्वाची गोष्ट. स्वतः मेरी शेली यांनी हे नाटक पाहिले होते. दुसरा उगम न्यायालयात आहे. लॉरेन्स यांची व्याख्याने १८१९ मध्ये ग्रंथरूपाने आली, त्यांवर नास्तिकतेचा गहजब झाला आणि त्यांनी ग्रंथ मागे घेतला. पुढे एका प्रकाशकाने त्याची चोरटी आवृत्ती काढली तेव्हा लॉरेन्स दाद मागायला गेले. पण १८२२ मध्ये लॉर्ड चॅन्सलर एल्डन यांनी हा ग्रंथ पवित्र शास्त्राच्या विरोधात जातो या मुद्द्यावर त्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाकारले. (लॉरेन्स पुढे मौन पत्करून व्हिक्टोरिया राणीचे शल्यचिकित्सक झाले आणि १८६७ मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवीही मिळाली. संघर्षाची ही अशीही एक परिणती असते.) अशा वातावरणात १८३१ ची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत, जगन्निर्मात्याच्या यंत्रणेची नक्कल करण्याचा मानवी प्रयत्न भयावह ठरतो अशा आशयाचे विधान आले. व्हिक्टरच्या निवेदनात नियती आली, त्याला वाचवू पाहणारी रक्षक शक्ती आली, पश्चात्तापाची भाषा वाढली. मेरिलिन बटलर यांनी १९९३ मध्ये १८१८ च्या संहितेचे संपादन करताना या बदलांचा लॉरेन्स-प्रकरणाशी संबंध जोडून दाखवला, आणि तो मला पटण्याजोगा वाटतो. दीर्घकाळ वाचली आणि शिकवली गेली ती मात्र १८३१ चीच संहिता. ज्या ग्रंथालयात दोन्ही संहिता उपलब्ध असतील तेथील विद्यार्थ्यांनी त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. धार्मिक तात्पर्याची वीण कादंबरीवर मागाहून घातलेली आहे, तिचे टाके दिसतात.

मराठीतून लिहिताना येथे एक भाषिक पेच उभा राहतो, आणि तो अडचणीचा वाटला तरी उपकारक आहे. 'रिलिजन'साठी आपण 'धर्म' हा शब्द योजतो. परंतु आपल्या भाषेत पितृधर्म आहे, राजधर्म आहे, साधा शेजारधर्मही आहे; म्हणजे उपासनापद्धतीहून वेगळा असा, नात्यातून येणाऱ्या कर्तव्याचा अर्थ या शब्दाने सोडलेला नाही. व्हिक्टरने पहिल्या अर्थाचा धर्म मोडला की नाही याविषयी मतभेद होऊ शकतील. दुसऱ्या अर्थाचा त्याने मोडला, याविषयी होऊ नयेत. ज्यूस्टिनच्या धर्मगुरूने पहिला राखला आणि दुसरा मोडला. इंग्रजी समीक्षेला दोन वेगळ्या शब्दांनी जे सांगावे लागते ते मराठीत एकाच शब्दाच्या दोन अर्थांतील ताण म्हणून जाणवते, आणि गॉथिक कादंबरी या ताणावरच उभी आहे.

हा ताण सर्वांत लख्खपणे कोठे दिसत असेल तर तो शेरिडन ले फानू (१८१४–१८७३) यांच्या 'ग्रीन टी' या दीर्घकथेत. ती १८६९ मध्ये डिकन्स यांच्या 'ऑल द इयर राउंड' या नियतकालिकात क्रमशः आली आणि १८७२ च्या 'इन अ ग्लास डार्कली' या संग्रहात समाविष्ट झाली. संग्रहाचे नाव संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील शब्दांवरून घेतलेले आहे. फक्त आरशा'तून' पाहण्याऐवजी येथे आरशा'त' पाहणे आले आहे. डार्विन यांचा ग्रंथ येऊन दहा वर्षे लोटली होती, आणि १८६९ मध्येच टी. एच. हक्सली यांनी अज्ञेयवादी या अर्थाचा 'ॲग्नॉस्टिक' हा शब्द घडवला. ले फानू डब्लिनचे; वडील आयरिश प्रॉटेस्टंट चर्चमधील धर्माधिकारी. पत्नी सुझॅना धार्मिक शंकांनी आणि मानसिक अस्वास्थ्याने ग्रासलेली होती, ती १८५८ मध्ये वारली. चरित्राचा इतका संदर्भ पुरे.

कथेतील जेनिंग्ज हा पाद्री सज्जन, अभ्यासू, अविवाहित आहे. प्राचीनांच्या धर्मकल्पनांवर तो ग्रंथ लिहीत असतो आणि रात्री जागताना हिरवा चहा पितो. एके संध्याकाळी घोड्यांच्या बसमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला दोन तांबूस ठिपके दिसतात. ते एका लहान काळ्या माकडाचे डोळे असतात. तो छत्री टोचून पाहतो, ती आरपार जाते. तेव्हापासून ते माकड त्याच्या मागे लागते. पहिल्यांदा ते सुस्त, निरुपद्रवी असते. मग द्वेषाने भरू लागते. उपासनेच्या वेळी उघड्या बायबलवर बसून राहते. आणि शेवटी त्याच्या डोक्यात बोलू लागते. ले फानूंची भयनिर्मिती किती काटकसरीची आहे ते पाहण्यासारखे आहे. ना किल्ला, ना वादळ. सार्वजनिक वाहन, छत्री आणि चहाचा पेला.

जेनिंग्ज प्रथम एका नामवंत डॉक्टरकडे जातो. तो डॉक्टर कट्टर जडवादी आहे. या दुखण्यातील आध्यात्मिक यातना त्याच्या गणतीतच नाही. मग जेनिंग्ज स्वीडनबॉर्गच्या ग्रंथात उत्तर शोधतो आणि तेथे त्याला मनुष्याशी संलग्न असलेल्या दुष्ट आत्म्यांचे वर्णन सापडते, म्हणजे भीती अधिकच वाढते. शेवटी तो डॉ. मार्टिन हेसेलियसकडे येतो. हेसेलियस हा ठरीव सूत्राला हरताळ फासणारा माणूस आहे. तो वैद्य आहे आणि आत्मविद्येचाही अभ्यासक आहे. त्याच्या मते मेंदूतून वाहणारा सूक्ष्म द्रव हिरव्या चहासारख्या उत्तेजकाने बिघडतो आणि मग मनुष्याचे आंतरिक नेत्र उघडून त्याला एरवी अदृश्य असलेले जग दिसू लागते. शरीरशास्त्र आणि अध्यात्म यांचा असा समन्वय झाल्यावर संघर्ष कशाचा? सिद्धांताच्या पातळीवर विज्ञान आणि धर्म यांचा समेट झालेला आहे.

आणि रुग्ण मरतो. माकड परतले की तत्काळ मला बोलावा, असे सांगून हेसेलियस निघतो, आणि या प्रकरणाचा निवांत विचार करता यावा म्हणून शहराबाहेर दोन मैलांवरच्या एका खाणावळीत, कोणाला सापडू नये अशा रीतीने, जाऊन बसतो. इकडे माकड परतते. जेनिंग्जचे पत्र डॉक्टरच्या बिऱ्हाडी पडून राहते. तो ते वाचून धावत पोहोचतो तेव्हा पाद्र्याने वस्तऱ्याने गळा चिरून घेतलेला असतो. यानंतर ले फानूंनी जोडलेला समारोप हा एकोणिसाव्या शतकातील उपरोधाचा एक विदारक नमुना आहे. दुःखितांसाठी दोन शब्द, अशा आशयाच्या मथळ्याखाली हेसेलियस आपल्या वैज्ञानिक मित्राला लिहितो की या प्रकारचे ५७ रुग्ण आपण हाताळले आहेत. की जेनिंग्जवर तर आपण उपचार सुरूही केले नव्हते. की त्याचा मृत्यू मुळात आनुवंशिक आत्मघाती प्रवृत्तीमुळे झाला. आकडा आहे, निदान आहे, परिभाषा आहे. खाणावळीविषयी अपराधी शब्द एकही नाही.

या कथेतला एक लहानसा प्रसंग वाचकाच्या नजरेतून सहज सुटतो. हेसेलियसची भेट होण्यापूर्वी जेनिंग्ज श्रॉपशरमध्ये काही मंडळींबरोबर फिरायला गेलेला असतो. वाटेत खाणीचे खोल विवर लागते आणि माकड त्याला त्यात उडी टाकायला सांगते. तो टाकत नाही, कारण त्याची पुतणी त्याच्याबरोबर मागे रेंगाळलेली असते आणि तिच्या देखत ते करणे त्याला शक्य होत नाही. त्या मुलीला माकडाविषयी काहीच ठाऊक नाही. तिच्याजवळ औषध नाही, मंत्र नाही, सिद्धांत नाही. ती नुसती तेथे आहे. संपूर्ण कथेत जेनिंग्जला मृत्यूपासून वाचवणारी एवढी एकच गोष्ट घडते.

स्टीव्हन्सन यांच्या लघुकादंबरीविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे दोनच निरीक्षणे पुरेत. एक, जेकिलच्या द्रव्यातील क्षाराविषयी. पहिला साठा संपल्यावर तो नवा क्षार मागवतो आणि त्याचा गुण येत नाही. लंडनभर शोध घेऊनही उपयोग होत नाही. शेवटी त्याला कळून चुकते की पहिला साठाच अशुद्ध होता आणि त्या अज्ञात अशुद्धीमुळेच प्रयोग साधला होता. प्रयोगाची पुनरावृत्ती करता येणे ही विज्ञानाची पहिली अट. ती येथे पूर्ण होत नाही. जेकिलचा प्रयोग वैज्ञानिक कसोटीवरही उतरत नाही, तो एक अपघात आहे. त्याला विज्ञानाचा पराभव म्हणणे म्हणूनच घाईचे ठरते. दुसरे निरीक्षण डॉ. लॅन्यनविषयी. हाइड त्याच्यासमोर जेकिलमध्ये पालटण्यापूर्वी त्याला वैद्यकीय व्यवसायाच्या गोपनीयतेच्या शपथेची आठवण देतो. हे पापनिवेदनाच्या मुद्रेचेच लौकिक रूप आहे. मात्र धर्मगुरू ऐकून क्षमादान देऊ शकतो. लॅन्यनला फक्त ऐकता येते, आणि ऐकलेल्या गोष्टीच्या ओझ्याखाली तो काही दिवसांत खचून मरतो. जेकिल ज्या धार्मिक ग्रंथाची वाखाणणी करीत असे त्याच्याच समासात त्याच्याच हस्ताक्षरात ईश्वरनिंदा लिहिलेली सापडते. त्या घरात धर्मग्रंथ आहे, प्रयोगशाळा आहे. जेकिलचा जबाब ऐकून घेणारे माणूस मात्र नाही; तो जबाब कागदावरच राहतो आणि कादंबरी तेथेच थांबते.

'ड्रॅक्युला'मध्ये हे दोन्ही अधिकार प्रथमच एका हाती येतात. व्हॅन हेलसिंग हा वैद्यक, तत्त्वज्ञान आणि साहित्य यांच्या पदव्या नावामागे लावणारा ॲम्स्टरडॅमचा प्राध्यापक; तो शार्कोच्या संमोहनाचा दाखला देतो, रक्त चढवतो, आणि पिशवीतून ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकरही काढतो. मराठी वाचकाला नारायण धारप यांच्या 'समर्थ'कथांमुळे अमानवी शक्तींशी झुंजणारा जाणता पुरुष परिचयाचा आहे, त्यामुळे हे पात्र त्याला चमत्कारिक वाटणार नाही. १८९७ च्या प्रॉटेस्टंट इंग्रज वाचकाला ते वाटले असणार. जोनाथन हार्करला बिस्ट्रिट्झच्या खाणावळीतील बाईने दिलेला क्रूस गळ्यात घालताना आपण मूर्तिपूजा करीत आहोत की काय असा संकोच वाटतो, तो याच कारणाने.

या कादंबरीत अखेर धर्माचा जय होतो, असे वाचन रूढ आहे. तपशील त्याला साथ देत नाहीत. लूसीला चार पुरुषांचे रक्त दिले जाते. रक्तगटांचा शोध कार्ल लांडस्टायनर यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यामुळे हे रक्त जुळते की नाही हा प्रश्नच त्या काळी नव्हता. तरी दर वेळी तिला तात्पुरता उतार पडतो. लसणीच्या माळांचाही उपयोग होतो. ती मरणाच्या वाटेला लागते ते कोणीच उशाशी नसलेल्या रात्री. त्या रात्री तिच्याजवळ राहा, अशी व्हॅन हेलसिंगची अँटवर्पहून आलेली तार पत्त्यात परगण्याचे नाव नसल्यामुळे भलत्याच कार्फॅक्सला जाते आणि सीवर्डला २२ तास उशिरा मिळते. मीनाचेही तसेच. पुरुषमंडळी तिला जपण्यासाठी म्हणून मसलतीतून वगळतात, पवित्र भाकर आणि विजेचे दिवे घेऊन शेजारच्या वाड्यावर छापा घालायला जातात, आणि तिला एकटी मागे ठेवतात. ड्रॅक्युला येतो तो या एकटेपणात. पुढे संरक्षणासाठी तीच पवित्र भाकर व्हॅन हेलसिंग तिच्या कपाळाला लावतो तेव्हा तिचे कपाळ भाजते. तिला एकटे ठेवायचे नाही, तिच्यापासून काही लपवायचे नाही असे ठरते, त्यानंतरच पाठलागाला यश येऊ लागते. ड्रॅक्युलाचा अंतही सुळाने वा क्रूसाने होत नाही. हार्करच्या गुरखा पद्धतीच्या कुकरीने आणि मॉरिसच्या अमेरिकन सुऱ्याने होतो.

यावरून 'ड्रॅक्युला' ही सोबतीची कादंबरी आहे आणि तीत कर्तव्य म्हणून असलेला धर्म निर्भेळपणे पाळला गेला आहे, असे कोणी म्हणेल, तर रेनफिल्डचा विचार करावा लागेल. सीवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळातील हा रुग्ण माश्या, कोळी, चिमण्या यांचा आहार करतो. सीवर्ड त्याच्यासाठी जीवभक्षक वेडाचा नवा वर्ग कल्पतो आणि फोनोग्राफवर त्याच्या नोंदी ठेवतो. पवित्र भाकर घेऊन मंडळी छाप्याला निघतात त्याच रात्री रेनफिल्ड गुडघे टेकून, रडून, मला आत्ताच्या आत्ता येथून जाऊ द्या म्हणून विनवतो. कारण त्याला सांगता येत नाही. सर्वांच्या देखत त्याची विनंती नाकारली जाते. पुढे एका रात्री तो कवटी फुटलेल्या अवस्थेत आढळतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर तातडीने शस्त्रक्रिया होते. या प्रकरणासाठी स्टोकर यांनी आपले शल्यविशारद बंधू सर थॉर्नली स्टोकर यांच्याकडून मस्तकाघाताविषयी टिपण मिळवले होते. ते त्यांच्या कामाच्या कागदपत्रांत आहे, आणि शस्त्रक्रियेचे वर्णन त्यामुळे अचूक उतरले आहे. शस्त्रक्रियेचा हेतू मात्र त्याने शुद्धीवर येऊन बोलावे एवढाच असतो. तो बोलतो. मीना संकटात आहे हे त्याच्या बोलण्यातून कळताच सारे तिच्या खोलीकडे धावतात, आणि तो एकटा मरतो. चौकशी टाळावी म्हणून पलंगावरून पडून अपघाती मृत्यू झाल्याचा दाखला देता येईल, असे सीवर्ड नंतर सांगतो.

कादंबरीच्या शेवटच्या टिपणात, सात वर्षांनंतर, हार्कर सांगतो की जमवलेल्या एवढ्या कागदांत अस्सल म्हणावा असा दस्तऐवज जवळजवळ एकही उरलेला नाही, सारी टंकलिखित पाने आहेत. व्हॅन हेलसिंग त्याच्या मुलाला मांडीवर घेऊन म्हणतो की आम्हाला पुराव्यांची गरज नाही. त्या मुलाला त्या छोट्या मंडळातील सर्व पुरुषांची नावे एकत्र गुंफून ठेवलेली आहेत. रेनफिल्ड त्या मंडळात नव्हता.